आधी लँडिंग, मग बायको?

कॅनडाची पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी, मंजूर झालेली मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा खुशीत असतील असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात बरीचशी घाबरलेली असतात. पीआर मंजूर झाल्याचं पत्र, म्हणजे सीओपीआर, हातात असतं. पासपोर्टवर व्हिसा लागलेला असतो. एकदा हद्द ओलांडून 'लँडिंग' केलं, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्यासमोर पीआर म्हणून प्रवेश नोंदवला, की झालं, आणि नेमकी तिथेच झोप उडते. "अधिकाऱ्याने भलतंच काही विचारलं तर? तिथूनच परत पाठवलं तर?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की त्याचं उत्तर एकदा नीट लिहावं असं मनात होतं. त्यासाठी एका मुलाची हकिगत सांगते. त्याची आणि त्याच्या बायकोची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा चिंचवडचा, मेकॅनिकल इंजिनिअर. अमेरिकेत डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत, त्यांतलाच एक. एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर होता. नोकरीवर मिळणाऱ्या अमेरिकी ग्रीन कार्डात एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून जास्त जागा येत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग किती लांब आहे हे त्या मंडळींना वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून त्याने कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीतून, म्हणजे गुणांवर पीआर देणाऱ्या योजनेतून, अर्ज केला आणि तो मंजूरही झाला. नदीच्या अलीकडे डेट्रॉइट, पलीकडे कॅनडातलं विंडसर. मध्ये एक अँबॅसडर पूल आणि नदीखालून जाणारा एक बोगदा, एवढंच अंतर.

त्याचा पहिला फोन आला तो जुलैत. सीओपीआरची मुदत सप्टेंबरात संपणार होती, कारण ती बहुतेक वेळा वैद्यकीय तपासणीच्या तारखेशी बांधलेली असते आणि सहसा वाढवून मिळत नाही. घरापासून पूल तासाभरावर, गाडीत पेट्रोल भरलेलं, तरी हा तीनदा शनिवार ठरवून घरीच बसला होता. ऑफिसात मीटिंग चालू असताना फोनवर पुलावरच्या रांगेची वेळ बघत बसायचा. ते पत्र तर पाठ झालं होतं. रात्री दोन-अडीचला जाग यायची ती पहाटेपर्यंत. "मॅडम, मला फक्त तेवढ्या दहा मिनिटांसाठी धीर द्या," असं त्याचं मागणं होतं.

परीक्षेची किंवा मुलाखतीची भीती असली की मी तो प्रसंग आधी करून बघायला लावते. इथेही व्हिडिओ कॉलवर तेच केलं. म्हटलं, "मी अधिकारी. तू गाडी लावून आत आलास, माझ्या खिडकीसमोर उभा आहेस." आणि एकेक विचारत गेले. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट. कधी कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? कुठल्या देशाने व्हिसा नाकारला आहे का? सोबत किती पैसे आणले आहेत? कॅनडातला पत्ता काय? उत्तरं टकाटक येत होती, आवाज अगदी ठणठणीत. मी मनात म्हटलं, ह्याला धीराची गरज कुठे आहे?

मग विचारलं, "वैवाहिक स्थिती?"

तो थांबला. बाजूची बाटली उचलून पाणी प्यायला. "सिंगल," म्हणाला, पण कॅमेऱ्याकडे न बघता. आणि मग, "मॅडम, हे खरंच विचारतात का हो?"

विचारतात. पत्रावर वैवाहिक स्थिती छापलेलीच असते, आणि अर्ज केल्यापासून त्यात किंवा घरातल्या माणसांत काही बदल झाला आहे का, हे अधिकारी खात्री करून घेतो.

मग सगळं बाहेर आलं. शरद ऋतूत अर्ज भरला तेव्हा तो खरोखरच अविवाहित होता. लग्न ठरलं त्यानंतर, सांगलीच्या मुलीशी. ती तिथल्या एका सहकारी बँकेत अधिकारी. नाताळच्या सुट्टीला जोडून तो भारतात आला. मुलीला अमेरिकेत आणायचं तर एच-फोर ह्या जोडीदाराच्या व्हिसासाठी लग्नाचं प्रमाणपत्र लागणार, म्हणून तिच्या घरच्यांच्या सांगण्यावरून दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली महिनाभर आधीच नोटीस देऊन ठेवली होती. तीन साक्षीदारांसमोर दोघांनी सह्या केल्या आणि हा परत गेला. महिना पौषाचा. पौषात कुठे लग्न करतात का, म्हणून दोन्ही घरांनी त्याला लग्न मानलंच नव्हतं. खरं लग्न दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न उरकल्यावर, हॉल ठरवून, चारशे माणसांच्या साक्षीने. वसंतात सीओपीआर आली ती 'अविवाहित' म्हणून, आणि चिंचवडला सोसायटीत पेढे वाटून झाले.

कायद्याच्या लेखी मात्र तो जानेवारीपासून नवरा होता.

त्याला हे कळत नव्हतं असं नाही. त्याने कॅनडात ब्रॅम्प्टनमधल्या एका नातेवाइकांना विचारलंही होतं. उत्तर आलं, "आधी लँडिंग करून घे रे. अजून अक्षता कुठे पडल्यात? नंतर बायकोला स्पॉन्सर करून बोलावून घे, सगळे असंच करतात." ऐकायला इतकं सोपं, की त्याने ते स्वीकारलं. फक्त त्याच्या झोपेने ते स्वीकारलं नाही.

मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. आमच्या कामात भीती कमी करण्याची तंत्रं भरपूर आहेत. श्वासाचे व्यायाम आहेत, विचार तपासून बघण्याच्या पद्धती आहेत, आणि त्यांचा उपयोग होतो हे मी रोज बघते. पण प्रत्येक भीती शांत करायची नसते. काही भीती खोट्या असतात, त्यांना हळूहळू सामोरं जायचं. काही भीती खऱ्या असतात. घरात गॅसचा वास येत असेल तर नाकाला दोष देऊन कसं चालेल? ह्या मुलाला मी त्या दिवशी दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं असतं, तर तो शांतपणे पुलावर गेला असता, शांतपणे चुकीचं उत्तर दिलं असतं आणि सही करून आला असता. त्याची भीती त्याच्या बाजूची होती. तिचं ऐकायला हवं होतं.

मी वकील नाही. कायद्याचा सल्ला मी देत नाही आणि कुठल्याही समुपदेशकाने देऊ नये. त्याला म्हटलं, पूल आज नको. आधी कॅनडाच्या परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराकडे किंवा वकिलाकडे जा आणि जानेवारीच्या सह्यांसकट सगळं सांग. चार दिवसांनी तो परत बोलायला बसला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. नियम त्याला आता नीट कळला होता. कॅनडाच्या नियमावलीत ११७(९)(डी) हे कलम आहे. पीआर होताना जो जोडीदार किंवा जे मूल अस्तित्वात होतं, पण अर्जात दाखवलं नाही आणि त्यामुळे ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे कुटुंबीय म्हणून स्पॉन्सर करता येत नाही. 'नंतर बघू' ह्याला तिथे जागाच नाही. जोडीदार सध्या सोबत येणार नसला तरीही तो दाखवावा लागतो, त्याचीही तपासणी व्हावी लागते. शिवाय माहिती लपवणं हा वेगळाच दोष. त्यापायी पाच वर्षं कॅनडाचा दरवाजा बंद होऊ शकतो आणि मिळालेली पीआरही जाऊ शकते.

"म्हणजे मी त्या शनिवारी गेलो असतो तर..." एवढंच तो म्हणाला.

आता पुढचं अवघड काम होतं, आणि ते माझ्या हद्दीतलं होतं. अधिकाऱ्यांना कळवणं हे एका वेबफॉर्मचं काम. पण वडिलांना सांगायचं की वाटलेले पेढे जरा लवकर वाटले गेले, आणि बायकोला सांगायचं की तुझं नाव मी अजून कुठेच लिहिलेलं नाही, ह्याला कुठलाही फॉर्म नाही. वडिलांची भीती त्याला जास्त होती. मला काळजी बायकोची वाटत होती.

तिला त्याने आमच्या तिघांच्या कॉलवरच सांगायचं ठरवलं. त्याने पाल्हाळ लावला. एक्स्प्रेस एंट्री, गुण, मेडिकल, मुदत. ती बँकेतली बाई, तिने दोन मिनिटांत गाभा पकडला.

"थांब. आमच्याकडे कर्जाच्या अर्जात कोणी बायको लपवली, तर आम्ही फाइल बंद करतो. तू मला लपवलंस?"

"अगं, लपवलं नाही, फक्त अजून कळवलं नव्हतं..."

"जानेवारीपासून?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. मीही नाही. अशा वेळी मध्ये पडून सांत्वन करण्याचा मोह होतो, तो आवरावा लागतो. मग तिनेच विचारलं, "कॅनडा कशासाठी होतं रे?" आणि त्याने उत्तर दिलं ते पहिल्यांदाच सरळ दिलं. एच-फोरवर तिला बहुधा घरी बसावं लागलं असतं. बँकेतली आठ वर्षांची नोकरी सोडून ती येणार होती. कॅनडाच्या पीआरवर तिला पहिल्या दिवसापासून नोकरी करता आली असती. जिच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता तिचंच नाव कागदावर नव्हतं, हे त्याला बोलता बोलता स्वतःच्याच तोंडून ऐकू आलं. ती रडली, चिडली, दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्याला कागदपत्रांची यादी पाठवली: पासपोर्टची प्रत, विवाहाचं प्रमाणपत्र, पोलीस क्लिअरन्ससाठी अर्ज केल्याची पावती.

वडील आठवडाभर तुटक बोलले. त्यांचं दुःख पीआर लांबल्याचं नव्हतंच, "मला आधी का नाही सांगितलंस" हे होतं. बहुतेक वडिलांचं तेच असतं. मुलं मात्र नाचक्कीलाच घाबरत बसतात.

सल्लागारामार्फत त्याने जानेवारीतल्या विवाहाची माहिती कळवली, उशीर का झाला हेही खरं लिहिलं. सीओपीआर वापरू नका असं उत्तर आलं आणि फाइल पुन्हा उघडली. लग्न अर्ज दाखल झाल्यानंतरचं होतं, त्यामुळे गुणांचा प्रश्न आला नाही. पैशांचा पुरावा मात्र दोन माणसांच्या कुटुंबाचा द्यावा लागला. तिची वैद्यकीय तपासणी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे झाली. सप्टेंबरची मुदत गेली, तो रिकामा महिना दोघांनाही जड गेला. दिवाळीनंतर ठरल्याप्रमाणे अक्षता पडल्या. दोघांची पत्रं आली ती पुढच्या वसंतात.

तोवर ती एच-फोरवर डेट्रॉइटला पोचली होती. दोघं गाडीने अँबॅसडर पुलावरून गेले. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण हेच सगळ्यांना हवं असतं. पहिल्या बूथवर सांगायचं की आम्ही पीआर म्हणून लँडिंगला आलो आहोत. मग गाडी बाजूला लावून आत जायचं. अधिकारी पासपोर्ट आणि पत्र ताडून बघतो, मी वर लिहिले तसलेच प्रश्न विचारतो, सह्या घेतो. पीआर कार्ड टपालाने येतं, त्यासाठी कॅनडातला पत्ता द्यावा लागतो. तेव्हा नसेल तर १८० दिवसांच्या आत कळवायचा. दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा जास्त रक्कम सोबत असेल तर ती जाहीर करायची. आणायला बंदी नाही, न सांगायला आहे. मग सामानाची यादी. आत्ता आणलेलं वेगळं, मागाहून येणारं वेगळं, प्रत्येकाची किंमत लिहून. मागाहून येणाऱ्या सामानाची यादी पहिल्याच दिवशी दिली नाही तर पुढे त्यावर शुल्क लागू शकतं. आपल्याकडच्या मुलींनी दागिन्यांचे फोटो आणि सराफाकडचं मूल्यांकन सोबत ठेवावं. हिने मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, सासूबाईंनी दिलेली ठुशी असं सगळं ओळीने लिहून नेलं होतं, बँकेतल्या लॉकरच्या नोंदीसारखं.

त्याला विचारलं गेलं, "विवाहित?" तो म्हणाला, "हो, ही माझी बायको." पुढचा प्रश्न विंडसरच्या पत्त्याचा होता.

आता ते विंडसरला राहतात. तो एच-वन-बीवरच रोज नदी ओलांडून कामाला जातो, ती तिकडे नोकरी शोधते आहे. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात असावं लागतं आणि दिवसाचा काही भाग कॅनडात गेला तरी तो दिवस धरतात, त्यामुळे हे गणित त्यांना जमतं. तुमचं तसं जमेलच असं नाही. अमेरिकी व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर परतीचं आधी वकिलाला विचारूनच निघावं.

मला येणाऱ्या प्रश्नांत एक उरतो, तो विचारणारे फार दबक्या आवाजात विचारतात: "आम्ही लँडिंग करून बसलो आहोत, आणि तेव्हा लग्न किंवा मूल सांगितलं नव्हतं. आता?" त्यांनी गुपचूप स्पॉन्सरशिपचा अर्ज भरू नये. तो नाकारला जाण्याचीच शक्यता जास्त, आणि जुनी गोष्टही उघडी पडते. मानवतेच्या आधारावर विनंती करण्याचा एक मार्ग कॅनडाच्या कायद्यात आहे. तो लांबचा आहे, त्याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि तो वकिलाशिवाय चालू नये. पण वकिलाकडे जाण्याआधी जोडीदाराला सांगा. मी बघितलेल्या अशा घरांत बहुतेक वेळा जोडीदाराला ते शेवटी सरकारी पत्रातूनच कळलं होतं.