पाच वाजले की पोटात कावळे ओरडतात, तेव्हा काय खायचं?

संध्याकाळच्या खाण्याबद्दल इतके प्रश्न येतात आणि त्यातले निम्मे तेच तेच असतात, म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतेय.

प्रश्न: मखाणे खाल्ले की वजन कमी होतं ना?

नाही. तुपात परतून वाटीवर वाटी खाल्लीत तर वाढेलसुद्धा.

प्रश्न: हिंजवडीत आयटीत आहे, वय 31. दिवसभर डाएट नीट पाळतो पण पाच वाजले की पाय आपोआप वडापावच्या गाडीकडे वळतात. विलपॉवर कशी वाढवू?

विलपॉवरचं नंतर बघू, दुपारी काय जेवता ते लिहिलंच नाहीत. माझ्याकडे येणाऱ्यांचं बहुतेक वेळा एकच निघतं, साडेबाराला दोन पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी, डाएट चालू असेल तर त्यातलीही एक पोळी कमी, वरण नाही, दही नाही आणि रात्रीचं जेवण साडेनऊला. मध्ये नऊ तास जातात, भूक लागणारच की! डब्यात उसळ नाहीतर घट्ट वरण वाढवा, आणि साडेचारलाच, भूक डोक्यात जायच्या आधी, मूठभर फुटाणे खा. 30 ग्रॅम फुटाण्यांत साधारण 6 ग्रॅम प्रोटीन मिळतं. शेंगदाणेही चालतील पण हात आखडता ठेवा, 30 ग्रॅमला 170 कॅलरी होतात आणि गप्पांत वाटी कधी संपते कळत नाही. वडापाव म्हणजे काही विष नाही, एखाद्या दिवशी खा, एकच खा. एवढं करूनही भूक आवरत नसेल किंवा सोबत सारखी तहान आणि लघवी होत असेल तर शुगर तपासून घ्या.

प्रश्न: सूर्यास्तानंतर फळं खाल्ली तर चरबी होते असं व्हॉट्सअॅपवर वाचलं, खरं का?

खोटं. डायबेटिस असेल तर किती खायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, व्हॉट्सअॅपला नाही.

प्रश्न: मी तळलेलं पूर्ण बंद केलंय. आता फक्त डाएट चिवडा, बेक्ड चिप्स आणि मल्टिग्रेन बिस्किटं घरी आणते. तरी वजन हलत नाही.

हे वाचलं की माझंच बीपी वाढतं. ताई, पाकिटाची पुढची बाजू ही जाहिरात आहे, वाचायची असते ती मागची, जिथे अक्षरं मुद्दाम मुंगीएवढी असतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणजे जे जास्त ते आधी. मल्टिग्रेन बिस्किटाच्या यादीत पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल आणि नाचणी कुठेतरी खाली दोन-तीन टक्के असेल तर ते मैद्याचंच बिस्किट झालं, फक्त महाग. बेक्ड म्हणजे तळलेलं नाही एवढंच, तेल पिठात मळलेलं असू शकतं. फॅटचा आकडा बघा, 100 ग्रॅमला 30 ग्रॅम फॅट असेल तर गुणिले 9 करा, 270 कॅलरी नुसत्या फॅटच्या झाल्या. आणि सगळ्यात चीड येते ती सर्व्हिंगची, पाकीट 150 ग्रॅमचं आणि माहिती 20 ग्रॅमची! टीव्हीसमोर बसून 20 ग्रॅम चिवडा खाऊन उठणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. मिठाचं तर कोणी बघतच नाही, दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत मीठ हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपलं लोणचं-पापड आधीच रांगेत उभं असतं. त्यापेक्षा घरी पातळ पोहे नुसते कढईत कुरकुरीत भाजा, दोन चमचे तेलाची फोडणी मोजून घाला, कढीपत्ता, डाळं, थोडे दाणे, झाला चिवडा. डब्यात हात घालून नाही, वाटीत काढून खायचा. आणि महिना-दोन महिने असं करूनही काटा हलला नाही तर थायरॉईड बघायचं की आणखी काही ते डॉक्टरांना ठरवू दे, नवीन पाकीट शोधत बसू नका.

प्रश्न: आईला (वय 64) डायबेटिसच्या गोळ्या चालू आहेत. संध्याकाळी तिला गोड खायची फार इच्छा होते, हात थरथरतात, घाम येतो, पेढा खाल्ला की बरं वाटतं. पुढच्या महिन्यात फॉलोअपला सांगणारच आहोत.

पुढच्या महिन्यात कशाला? आजच फोन करा. ही नुसती खायची इच्छा नसेल, शुगर खाली जात असेल. त्रास होईल तेव्हा ग्लुकोमीटर असेल तर लगेच मोजा, 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या (पेढ्यातल्या फॅटमुळे साखर हळू चढते), 15 मिनिटांनी परत मोजा. मीटर हाताशी नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका, साखर द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ हॉस्पिटल गाठा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, डोस बदलायचा का ते डॉक्टर सांगतील, तोपर्यंत चारच्या सुमाराला काहीतरी खायला घाला.

प्रश्न: एअर फ्रायरमधला साबुदाणा वडा हेल्दी ना?

तेल कमी, साबुदाणा तेवढाच. दोनावर थांबा, सोबत दही घ्या.