देवघरात नको ते विचार

प्रश्न : मी ५२ वर्षांची आहे. रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणते. सहा महिन्यांपासून विठ्ठलाकडे पाहिलं की मनात घाण शिव्या येतात. मग पुन्हा आंघोळ, पुन्हा पहिल्यापासून हरिपाठ. मी पापी आहे का?

उत्तर : ताई, अजिबात नाही. देव प्रिय आहे म्हणूनच हा विचार इतका टोचतो. शिकत असताना मलाही ऐन आरतीत निरांजन तसबिरीवर फेकावंसं वाटायचं. दोन वर्षं कुणाला बोलले नाही, आईलासुद्धा.

१९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी एका प्रयोगात लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल येतच राहिलं! तुमची खरी अडचण शिवी नाही, ती दुसरी आंघोळ आहे. तिनं घटकाभर सुटल्यासारखं वाटतं आणि भीती आणखी घट्ट होते. उद्या शिवी आली तर येऊ द्या. अभंग जिथं अडला तिथूनच पुढे म्हणा. जीव घाबरेल, मग हळूहळू निवेल.

हा ओसीडी असावा, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा आणणारा आणि तीच ती कृती करायला लावणारा मनाचा आजार. त्यावर चांगले उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून बोला, पैसे पडत नाहीत. आणि हरिपाठ एकदाच म्हणा.