गाडीच्या रिमोट किल्लीचा सेल घरी बदलला तर प्रोग्रॅमिंग उडतं का?

नाही उडत. किल्लीचा कोड चिपच्या ज्या मेमरीत असतो तिला सेल लागतच नाही, पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरमधून काढला म्हणून त्यातले फोटो जात नाहीत ना, तसंच. काही गाड्यांमध्ये सेल बदलल्यावर रिमोट एकदा सिंक करावा, म्हणजे गाडीशी परत जुळवून घ्यावा लागतो, पण त्याची पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि एक मिनिटाचं काम असतं. त्यासाठी नवी किल्ली घ्या म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

तुम्ही लिहिलंय की बटण तीन-चारदा दाबल्यावर, तेही अगदी दाराला चिकटून उभं राहिल्यावर लॉक उघडतं. लक्षण सेलचंच वाटतंय, पण किल्ली उघडायच्या आधी दुसरी किल्ली असेल तर ती वापरून बघा. दोन्ही सारख्याच त्रास देत असतील तर दोष बहुतेक गाडीकडे आहे, किल्लीच्या मागे लागू नका. आणि टीव्हीच्या रिमोटसारखं मोबाईलच्या कॅमेऱ्यात लाईट दिसतोय का बघायचं ते इथे चालत नाही हां, कारण हा रिमोट रेडिओवर चालतो, आपल्याकडे बऱ्याच गाड्यांमध्ये ४३३ मेगाहर्ट्झवर, त्यात दिसण्यासारखं काही नसतंच.

आता सेल. जुना सेल बाहेर काढा आणि त्याच्यावर छापलेला नंबर बघूनच नवा आणा, अंदाजाने नको. सीआर २०३२ असेल तर २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. दुकानदार कधीकधी "२०२५ घ्या, तोही ३ व्होल्टच आहे" म्हणतो, व्होल्टेज बरोबर आहे त्याचं, पण तो २.५ मिलिमीटरचा, म्हणजे सैल बसतो, मग लोक खाली कागद नाहीतर चॉकलेटची चांदी घालतात आणि चांदी सरकून शॉर्ट झालं की पुढचं सांगायला नको. बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगच्या जुन्या रिमोटमध्ये तर बऱ्याचदा बारीक नळीसारखा १२ व्होल्टचा २३ए सेल असतो, तो वेगळाच प्रकार. सेल चांगल्या कंपनीचा, बंद पाकिटातला घ्या, दहा रुपयांत पाच मिळणारे नकोत. मल्टीमीटर असेल तर नव्या सेलला साधारण ३.२ व्होल्ट दाखवायला हवेत.

उघडताना घाई करायची नाही. स्मार्ट किल्ली, म्हणजे खिशात ठेवून बटणाने गाडी स्टार्ट करायची ती, असेल तर आधी आतली लोखंडी चावी ओढून काढा, बऱ्याच किल्ल्यांना तिच्याच जागेजवळ खाच असते, तिथे चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला टेप गुंडाळून हलकं पिळा म्हणजे प्लास्टिकला चरे पडत नाहीत. टेबलावर पांढरा रुमाल पसरून काम करा, आणि का ते सांगतो. काही किल्ल्यांमध्ये इमोबिलायझरची, म्हणजे खरी किल्ली ओळखल्याशिवाय गाडी स्टार्ट होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, चिप सर्किटवर नसून कव्हरच्या खाचेत सुटी बसवलेली असते, काळा छोटा तुकडा किंवा काचेची बारीक नळी, ती टपकन पडते आणि कचरा म्हणून झाडूखाली जाते. मग रिमोटने दार उघडतं पण गाडी काही स्टार्ट होत नाही. नवीन किल्लीचा खर्च येतो तो असा, सेलमुळे नाही.

जुना सेल कुठल्या बाजूने बसला होता त्याचा फोटो काढून ठेवा, काही किल्ल्यांत प्लसची बाजू खाली असते. नवा सेल कडेने धरा. पत्र्याच्या पट्ट्या पावसाळ्यात हिरवट झाल्या असतील तर खोडरबराने हलकेच घासा, पण वाकवू नका, वाकलेली पट्टी सेलला नीट लागत नाही.

सेल अगदीच मेला तरी गाडी तिथेच अडकून पडत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इमोबिलायझरच्या चिपला सेल लागत नाही, तिला गाडीतल्या कॉइलमधूनच ताकद मिळते. म्हणून फ्लिप किल्ली, म्हणजे जिची चावी घडी उघडून बाहेर येते ती, असेल तर नेहमीसारखी फिरवा, गाडी चालू होते. बटण स्टार्टच्या बऱ्याच गाड्यांमध्ये आतल्या चावीने दार उघडायचं, ब्रेक दाबायचा आणि किल्लीनेच स्टार्टचं बटण दाबायचं. काही गाड्यांत किल्ली ठेवायची जागा वेगळी असते, मॅन्युअल गाडीतच असतं, बघून घ्या एकदा.

सेल नवा घालूनही तसंच झालं तर आतला बटणाचा छोटा स्विच गेलाय समजा, खूप दाबलं जातं ते अनलॉकचं बटण आधी जातं. चांगला किल्लीवाला किंवा मोबाईल रिपेअरवाला तो सोल्डर करून बदलून देतो.

आणि घरात लहान मूल असेल तर जुना सेल टेबलावर ठेवू नका, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात टाका. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तसं झालं तर वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.