खुडूक तलंग जागची उठत नाही

प्रश्न : काकू, आमची गावठी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, पहिल्यांदाच खुडूक झाली, अंडी उबवायला बसू लागली, म्हणून 11 अंड्यांवर बसवली. आज दहावा दिवस. दाणे समोर ठेवले तरी उठत नाही. तुरा पांढुरका पडलाय, पोटाची पिसंही गेलीत. शेजारच्या आजी म्हणतात, अंडी काढ, नाहीतर कोंबडी जाईल. काय करू?
– एक वाचक, देवरुख

उत्तर : अंडी काढू नकोस. पोटाची पिसं गेली ती रोगाने नव्हे. उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना लागावी म्हणून गेलीत. तिथे हळद-तेल चोपडू नकोस. तुराही या दिवसांत थोडा फिका पडतो, आकसतो. माझ्याकडची दीड किलोची कोंबडी पिल्लं घेऊन उठते तेव्हा सव्वा किलोची झालेली असते.

पण तुरा अगदीच कागदासारखा पांढरा असेल तर आज रात्री एक काम कर. दिवे मालवल्यावर तासाभराने बॅटरी घेऊन जा आणि टोपलीच्या कडेने, विणीच्या फटींतून बघ. मोहरीहूनही बारीक, तांबडे किडे फिरताना दिसतात का ते पाहा. दिवसा ते फटीत लपतात, रात्री रक्त पितात. इतर कोंबड्या उठून लांब जातात, खुडूक मात्र बिचारी जागची हलत नाही. एका मे महिन्यात माझी कोंबडी सोळाव्या दिवशी अंड्यांवरच मरून पडली. मी फक्त दिवसा बघत होते. टोपली उचलली तर माझे हात कोपरापर्यंत खाजले.

किडे दिसले तर दुसऱ्या टोपलीत उन्हात तापवलेला पेंढा घाल, अंडी तिकडे हलव, जुना पेंढा जाळून टाक. चुलीची गार, चाळलेली राख पंखांखाली आणि शेपटीच्या बुडाशी चोळ, डोळे-नाक सोडून. शेतात फवारायचं औषध मारू नकोस; अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात. राखेने भागलं नाही तर जनावरांच्या दवाखान्यातून औषध आण, बसलेल्या कोंबडीसाठी हवंय म्हणून सांग. माझ्या सासूबाई टोपलीत निर्गुडीचा पाला घालायच्या आणि गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून एक लोखंडी खिळाही. पाला मी अजून घालते.

उठत नसेल तर रोज एकाच वेळी तूच उठव. आधी पंखाखाली हात घालून अंडं अडकलेलं नाही ना ते चाचप, मग दोन्ही हातांनी उचलून अंगणात ठेव. मिनिटभर ती दगडासारखी तशीच बसेल, मग अंग झाडेल, ‘कुडूक कुडूक’ करत मोठा, घाण वासाचा विष्ठेचा गोळा टाकेल. तो वास नेहमीचाच, घाबरू नकोस. ज्वारी, मक्याची भरड, कण्या, ताजं पाणी आणि लोळायला कोरडी माती दे. पंधरा-वीस मिनिटांत अंडी गार होत नाहीत.

अठराव्या दिवसापासून मात्र उचलू नकोस. दाणे-पाणी चोचीपुढे सरकव. त्याआधीच मान टाकली, हिरवी पातळ हगवण लागली, तर ते खुडूकपण नव्हे. तिला इतर कोंबड्यांपासून वेगळी ठेव आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.