आजोबांच्या शिकारीच्या बंदुकांचे आता काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यापासून चार-पाच किलोमीटरवरील वाड्यात आपले आजोबा आठ महिन्यांपूर्वी वारले. माळ्यावरच्या पेटीत त्यांची बारा बोअरची दुनळी, एक रायफल, पणजोबांच्या काळातील ठासणीची बंदूक आणि काडतुसांचा डबा निघाला. दुनळी व रायफल यांचा परवाना आजोबांच्या नावे होता. ठासणीच्या बंदुकीचा कागद सापडत नाही. आजी हयात नाहीत, मृत्युपत्र नाही. मागे अडुसष्ट वर्षांचे आपले वडील आणि दोन आत्या आहेत. आपण नाशिक शहरात राहता. घराण्याची आठवण म्हणून बंदुका जपाव्यात अशी आपली इच्छा आहे, पण इतक्या उशिरा पोलिसांकडे गेल्यास आपल्यावरच गुन्हा दाखल होईल, अशी भीती आपल्याला वाटते.

प्रथम भीतीविषयी. बंदूक ही जंगम मालमत्ता असल्याने तिची मालकी वारसांकडे येते; मात्र ती जवळ बाळगण्याची परवानगी आजोबांपुरती होती आणि त्यांच्या मृत्यूबरोबर संपली. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार अशी शस्त्रे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करणे बंधनकारक आहे. विनापरवाना बंदूक किंवा काडतुसे बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास व दंड होऊ शकतो. ताबा हा जाणीवपूर्वक असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितले आहे. पेटी उघडेपर्यंत तो बचाव आपल्याला होता, आता राहिलेला नाही. आठ महिन्यांचा विलंब पुसता येणार नाही, परंतु अशा खटल्यास कलम ३९ नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, आणि स्वतःहून लेखी खबर देणारा वारस व झडतीत सापडलेला इसम यांच्यातील फरक तेथे निश्चितच विचारात घेतला जातो. म्हणून परवाना कोणी घ्यावा, याचा निर्णय होईपर्यंत थांबू नका.

बंदुका गाडीत घालून स्वतः ठाण्यात नेऊ नका. वाटेतील नाकाबंदीत आपल्याकडे दाखवायला काहीही कागद नसेल. वडिलांच्या सहीने ठाणे अंमलदारांच्या नावे अर्ज द्यावा. त्यात मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, प्रत्येक शस्त्राचा अनुक्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहावी, मृत्यूचा दाखला व परवान्याची प्रत जोडावी, आणि शस्त्रे कोणी, कधी व कशी जमा करावीत याची लेखी सूचना मागावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. शक्य असल्यास शस्त्रे विक्रेत्याकडे ठेवण्यास पोलिसांची संमती मिळवावी, असे मी आग्रहाने सुचवीन. विक्रेता भाडे घेतो, पण तो नळ्यांना वेळोवेळी तेल देतो. पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात दोन पावसाळे काढलेल्या जुन्या नळीला गंज चढतो आणि दस्ता तडकतो. जमा केल्याने आपला हक्क जात नाही. विहित मुदतीत परवाना मिळवून शस्त्र परत घेता येते किंवा पात्र व्यक्तीला विकून पैसे घेता येतात; मुदत टळली तर मात्र ते शासनजमा होऊ शकते. दुरुस्तीचाही मोह टाळावा. विनापरवाना कारागिराकडून साधा घोडा बसवून घेणेदेखील गुन्हा आहे.

परवान्यासाठी अर्ज, माझ्या मते, आपण करू नये, वडिलांनी करावा. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार वडील हयात असताना नातू आजोबांचा प्रथम वर्गातील वारस ठरत नाही. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम २५ नुसार वारसाने जिवाला धोका असल्याचे सिद्ध करण्याची गरज नाही. तो पात्र असावा आणि पोलीस अहवाल प्रतिकूल नसावा, एवढे पुरते. दोन्ही आत्यांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र आजच घ्यावे, कारण अशा प्रकरणांत अडथळा बहुधा घरातूनच येतो. त्याच नियमानुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाल्यावर, किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, तो हयातीतच आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. म्हणजे दोन वर्षांनी वडील आपले नाव सुचवू शकतील, आणि आपल्याला हवा असलेला वारसा रीतसर आपल्याकडे येईल.

आपल्या प्रकरणातील खरी गुंतागुंत अभयारण्याची आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. वारसाला मिळणारा परवानाही नवाच, असे धरून वडिलांनी अर्जातच या संमतीची विनंती करावी. वडील कायमचे आपल्याकडे नाशिकला राहायला येणार असतील तर ही अट लागणार नाही, आणि अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांऐवजी पोलीस आयुक्तांकडे जाईल. मात्र केवळ परवान्यासाठी शहराचा पत्ता दाखवू नये. खोट्या माहितीवर मिळवलेला परवाना रद्द होतो.

२०१९ पासून वारशानेसुद्धा एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. तिसरी बंदूक एखाद्या आत्यांनी आपल्या नावे परवाना मागून घ्यावी किंवा विक्रेत्यामार्फत विकावी. ठासणीची बंदूक जुनी आहे म्हणून तिला परवाना लागत नाही, हा समज चुकीचा आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ ची सवलत दुरुस्त करूनही बार काढता येणार नाही अशाच जुन्या शस्त्राला मिळते. आपली बंदूक त्यात बसते की नाही, हे तज्ज्ञाच्या लेखी अहवालावरून ठरवून घ्यावे, घरी बार काढून पाहून नव्हे. तोवर तीही अर्जात नमूद करून जमा करावी.

अर्ज नाकारला गेला तर कारणे लेखी मागावीत. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांच्या आत नाशिकरोड येथील विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.