वाचकांचे प्रश्न : दाण्यावरची बुरशी आणि झटपट तपासणीची पट्टी

प्रश्न : खरीप ज्वारीच्या दाण्यावरची फ्युजॅरियम बुरशी ओळखणारी पट्टी आम्ही बनवत आहोत. प्रतिपिंडे (ठरावीक पदार्थाला चिकटणारी प्रथिने) बुरशी टोचलेल्या सशाच्या रक्तातून घेतली आहेत. निरोगी दाण्याच्या अर्कालाही रेष, म्हणजे बुरशी असल्याची खूण, उमटते. काय करावे?
(जैवतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी, राहुरी)

उत्तर : आधी 'निरोगी' दाणा खरंच निरोगी आहे का ते बघा. पावसात सापडलेल्या खरीप ज्वारीवर कर्व्हुलॅरिया, आल्टर्नेरिया या दुसऱ्या बुरशा असतातच, दाणा पांढरा दिसला तरी. कोरड्या हवेत पिकलेली रब्बीची मालदांडी ज्वारी घ्या, दाणे वरून निर्जंतुक करा आणि त्यांचा अर्क पट्टीवर टाका. रेष गेली, तर तुमची प्रतिपिंडे बहुधा इतर बुरशांनाही धरताहेत. रेष राहिली, तर ती दाण्यालाच चिकटताहेत. बुरशी ज्वारीच्या दाण्यांवर वाढवून सशाला टोचली असेल, तर दाण्याची प्रथिनंही सोबत टोचली गेली. मग दुसरं काय होणार?

बुरशी द्रवरूप कृत्रिम माध्यमात वाढवा. सगळी बुरशी वाटून टोचू नका. पेशीभित्तिकेतल्या कर्बोदकांना सशाचं शरीर फार जोरात प्रतिसाद देतं आणि ती कर्बोदकं अनेक बुरशांत मिळतीजुळती असतात. कोवळ्या वाढीतून माध्यमात स्रवलेली प्रथिनं गाळून घ्या, त्यांच्यापासून विशिष्ट प्रतिपिंडं मिळण्याची शक्यता जास्त. हातातला सीरम (सशाच्या रक्तातला प्रतिपिंडं असलेला द्रव) लगेच टाकून देऊ नका. इतर बुरशांची वाळवलेली भुकटी त्यात मिसळून रात्रभर 4 अंश सेल्सिअसला ठेवा, सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगानं फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून वरचा द्रव वापरा. नको असलेली बरीच प्रतिपिंडं भुकटीबरोबर खाली बसतात. एवढ्यानं भागलं नाही, तर 1975 साली कोलर आणि मिल्स्टीन यांनी दाखवलेली हायब्रिडोमाची (एकाच प्रकारची प्रतिपिंडं देणाऱ्या पेशी बनवण्याची) वाट धरावी लागेल. तिथेही निवडीच्या पहिल्या फेरीपासून इतर बुरशा आणि स्वच्छ दाण्याचा अर्क चाचणीत ठेवा. शेवटी तपासू म्हटलं की महिन्यांची मेहनत वाया जाते.

पट्टीवरच्या रेषेला रंग देणाऱ्या सोन्याच्या कणांना (साधारण 40 नॅनोमीटर) प्रतिपिंड चढवताना मिठाची परीक्षा चुकवू नका. थोड्या मिश्रणात 10 टक्के मिठाचं पाणी घाला. लाल रंग टिकला तर प्रतिपिंड पुरेसं आहे. जांभळट-निळा झाला तर कमी पडलं, कण एकमेकांना चिकटले. काही लाल ज्वारीतलं टॅनिन प्रथिनांना पकडतं, म्हणून अशा दाण्याच्या अर्कात टॅनिनला बांधून ठेवणारं पॉलिव्हिनिल पायरोलिडोन घाला.

आणि एक गोष्ट आताच ठरवा. बुरशीची पट्टी मेलेली बुरशीही दाखवते, पण विष किती आहे ते सांगत नाही. 1995 मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोक आजारी पडले, ते फ्युजॅरियमच्या फ्युमोनिसिन या विषामुळे. खाणाऱ्याची काळजी असेल तर विषाची पट्टी हवी.

प्रश्न : मक्याच्या एकाच गाडीतून दोनदा नमुना घेतला. एका पट्टीनं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दाखवलं, दुसरीनं नाही. कोणती खरी?
(शेतकरी उत्पादक कंपनी, सिल्लोड)

उत्तर : दोन्ही खऱ्या असू शकतात. हे विष गाडीभर सारखं पसरलेलं नसतं, मोजक्या दाण्यांत साठतं. 0.3 ग्रॅमच्या एका वाईट दाण्यात 30 मायक्रोग्रॅम विष असू शकतं. तो दाणा तुमच्या 200 ग्रॅमच्या नमुन्यात आला, तर हिशेब किलोमागे 150 मायक्रोग्रॅमचा होतो. नाही आला तर शून्य. धान्यासाठी आपल्याकडची मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम आहे. तोच दाणा 5 किलोच्या नमुन्यात आला तर 6 भरतो.

म्हणून गाडीत वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या खोलीवर पोकळ नळी खुपसून थोडेथोडे दाणे काढा आणि किमान 5 किलो जमवा. ते सगळे दळा. आधी मूठभर वेगळे काढून दळलेत, तर मोठ्या नमुन्याचा उपयोगच गेला. पीठ बारीक रव्याइतकं हवं, बहुतेक 20 मेश (इंचाला 20 भोकांच्या) चाळणीतून पडलं पाहिजे. नीट कालवून त्यातलं 50 ग्रॅम घ्या, 70 टक्के मिथेनॉल 250 मिलिलिटर घालून हलवा, गाळा आणि पट्टीसोबतच्या द्रावणानं माहितीपत्रकाप्रमाणे पातळ करा. इथे घाई नको, कारण मिथेनॉल जास्त राहिलं की प्रतिपिंडाची पकड सुटते, रेष फिकी पडते आणि चांगला मका बाद ठरतो. मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील आहे. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ शेगडी नको.

प्रश्न : पट्टीवर दोन रेषा आल्या म्हणून व्यापाऱ्यानं माल नाकारला. बरोबर का?

उत्तर : अफ्लाटॉक्सिनच्या नेहमीच्या पट्टीत नाही. विषाचा रेणू इतका लहान असतो की दोन प्रतिपिंडं त्याला एकाच वेळी धरू शकत नाहीत. म्हणून पट्टीवर चाचणीच्या रेषेत विषच प्रथिनाला जोडून बसवलेलं असतं. नमुन्यात विष नसेल तर रंगीत प्रतिपिंड तिथे अडकतं आणि रेष दिसते. विष असेल तर ते प्रतिपिंडाच्या जागा आधीच अडवतं, रेष फिकी होते किंवा येतच नाही. म्हणजे दोन ठळक रेषा हा चांगला निकाल. नियंत्रण रेषाच (पट्टी नीट चालली हे दाखवणारी दुसरी रेष) आली नाही, तर पट्टी फेकून दुसरी घ्या. निकाल पाकिटावर दिलेल्या मिनिटालाच वाचा. फ्रीजमधली पाकिटं खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडा, नाहीतर पट्टीवर दव धरतं. वाद मिटत नसेल तर त्याच दळलेल्या पिठाचा उरलेला भाग सीलबंद करून प्रयोगशाळेत एचपीएलसी या विष नेमकं मोजणाऱ्या तपासणीसाठी पाठवा. गाडीतून नवा नमुना काढू नका.