डेबियनची नेटबूट इमेज: कर्नल चढतं, पण पुढे फाइलसिस्टिम सापडत नाही

डेबियन लिनक्स नेटवर्कवरून सुरू करताना (नेटबूट) कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, चढतं, पण पुढे फाइलसिस्टिम सापडत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. लाइव्ह-बिल्डने (अशा इमेज तयार करणारं डेबियनचं साधन) केलेली इमेज तुम्ही अख्खी टीएफटीपीच्या (नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) फोल्डरमध्ये टाकली आहे, घोटाळा तिथेच आहे. टीएफटीपीवरून फक्त बूटलोडर (कर्नल चढवणारा प्रोग्राम), कर्नल आणि इनिटआरडी (सुरुवातीपुरती छोटी फाइलसिस्टिम) येतात. खरी सिस्टिम असते स्क्वॅशएफएस फाइलमध्ये (दाबून लहान केलेली फाइलसिस्टिम), आणि नेटबूट प्रकारची इमेज ती मुळात एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या सामायिक फोल्डरमध्ये, शोधते.

एनएफएस लावायचं नसेल तर ती फाइल साध्या वेब सर्व्हरवर ठेवा आणि कर्नलच्या ओळीत 'बूट=लाइव्ह'च्या जोडीला 'फेच=' लिहून तिचा पूर्ण पत्ता द्या (हे शब्द अर्थातच रोमन लिपीत). पत्त्यात सर्व्हरचं नाव नको, आयपी द्या. इतक्या सुरुवातीच्या टप्प्यात नावावरून पत्ता शोधणं बेभरवशाचं असतं. एक मात्र लक्षात घ्या: फेचमध्ये अख्खी फाइल रॅममध्ये उतरते. जुन्या २ जीबीच्या मशीनवर भरगच्च डेस्कटॉप घातलात तर गुदमरेल. अशा ठिकाणी मी एनएफएसच निवडेन.

ही मोठी फाइल टीएफटीपीवरूनही ओढता येते, पण टीएफटीपी मुळात ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो, मग पुढचा. वीस मशीन एकदम सुरू केलीत तर वाट बघत बसाल.